सूचना दिली, पुढे काय? गाव-शहराच्या कारभारातला नागरिकांचा सहभाग

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



'नागरिकांचा सहभाग' हे शब्द आता इतक्या फलकांवर दिसतात की त्यांचा अर्थ विचारायचं आपण सोडून दिलंय. वृक्षारोपणाला आलात, सहभाग झाला. झाडू हातात घेऊन फोटो काढलात, सहभाग झाला. लिंकवर जाऊन अर्ज भरलात, तोही सहभागच. यात वाईट काही नाही. पण आज मी या शब्दांचा एकच, जरा अडचणीचा अर्थ तुमच्यासमोर ठेवणार आहे. महापालिका किंवा ग्रामपंचायत पैसा खर्च करते. तो कुठे खर्च करायचा हे ठरवताना माझ्या म्हणण्याला काही वजन आहे का? आणि माझं म्हणणं मानलं नाही, तर ते का मानलं नाही हे मला कुणी सांगणार आहे का?

यातला दुसरा प्रश्न मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवती फिरणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न जुनाच आहे

पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचं सभासद व्हायचं तर किमान ५० लोकांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे 'मी लोकांच्या वतीने बोलतो' असं नुसतं म्हणून चालत नसे, ते लोक कोण हे दाखवावं लागे.

पुढे १८७६ पासून काही वर्षं महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव आला. फुल्यांनी त्याला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरा, असं त्यांचं म्हणणं. मंडईची भव्य इमारत बांधण्यावर मोठी रक्कम घालण्यालाही त्यांचा विरोध होता. मंडई झालीच. १८८६ मध्ये ती रे मार्केट नावाने सुरू झाली, आणि आज तिला नाव आहे ते फुल्यांचंच.

ही गोष्ट मी एवढ्यासाठी सांगितली की स्थानिक कारभारातला खरा वाद तेव्हाही हाच होता आणि आजही हाच आहे: पैसा मर्यादित आहे, मग आधी काय? स्वागत की शाळा? उड्डाणपूल की पदपथ? फुल्यांचं म्हणणं हरलं, पण त्यांना ते सभेत बसून मांडता आलं. आपल्यासारख्या सभेबाहेरच्या माणसाने ते कुठे मांडायचं?

गावात प्रत्येक जण सभासद, शहरात कुणीच नाही

राज्यघटनेत ७३वी आणि ७४वी दुरुस्ती झाली. १९९३ मध्ये एप्रिलात ७३वी आणि जूनमध्ये ७४वी लागू झाली. पहिली गावांसाठी, दुसरी शहरांसाठी. दोन्हींचं नाव आपण एका दमात घेतो, पण नागरिकाच्या बाजूने पाहिलं तर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गावात ग्रामसभा आहे. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद. तिला निवडणूक नाही, नेमणूक नाही, पाच वर्षांची मुदत नाही. ग्रामपंचायत बरखास्त होऊ शकते, ग्रामसभा होऊ शकत नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात तिला अधिकारही आहेत. विकास आराखड्याला तिची मंजुरी लागते, योजनांचे लाभार्थी तिच्यासमोर निवडायचे असतात, आणि निधी ठरल्याप्रमाणे वापरला का हे ती पंचायतीला विचारू शकते.

शहरात काय आहे? तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असं घटना सांगते. महाराष्ट्रात या समितीवर त्या भागातले नगरसेवक, क्षेत्रीय कार्यालयाचे अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी असतात. आता हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ३१ लाखांच्या पुढे होती. क्षेत्रीय कार्यालयं १५. म्हणजे सरासरी दोन लाखांहून जास्त माणसं आणि त्यांच्यातले नगरसेवक नसलेले प्रतिनिधी तीन. तेही नगरसेवकांनी निवडलेले. दीड हजार मतदारांच्या गावातला शेतमजूर कायद्याने सभेत उभा राहून प्रश्न विचारू शकतो. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या प्राध्यापकाला तशी सभाच नाही.

ही उणीव भरून काढायला २००९ मध्ये आपल्या महापालिका कायद्यात 'क्षेत्रसभा' आली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातले सगळे मतदार तिचे सदस्य आणि नगरसेवक अध्यक्ष. थोडक्यात शहरातली ग्रामसभा. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेचा पैसा हवा असेल तर असा कायदा करा, अशी अट होती, म्हणून तो केला. बहुतेक शहरांत तो पुस्तकातच राहिला. तुमच्यापैकी किती जण क्षेत्रसभेला गेलेत, असं मी इथे विचारत नाही. उत्तर मला तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय.

सहभागाच्या पायऱ्या

अमेरिकेत शेरी आर्नस्टाइन नावाच्या अभ्यासक होत्या. त्यांनी १९६९ मध्ये एक लेख लिहिला आणि सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर सहभागाचं नुसतं नाटक, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं आणि मत विचारणं, वरच्या पायऱ्यांवर प्रत्यक्ष सत्तेची वाटणी. आठ पायऱ्या लक्षात ठेवायची गरज नाही. आपल्या कामापुरते चार शब्द पुरेत: कळवणं, विचारणं, ठरवणं आणि हिशेब देणं.

'उद्या पाणी येणार नाही' हे कळवणं. 'तुमच्या सूचना पाठवा' हे विचारणं. 'तुम्ही म्हणाल तसंच होईल' हे ठरवणं. आणि 'तुम्ही हे म्हणाला होतात, त्यातलं एवढं झालं, एवढं झालं नाही, कारण अमुक' हा हिशेब. आपल्याकडे पहिल्या दोन पायऱ्यांवर भरपूर गर्दी आहे. तिसरी पायरी क्वचित दिसते. चौथी जवळजवळ नाहीच. माझं म्हणणं असं की चौथी नसेल तर दुसरीही काही वर्षांत मोडून पडते. कारण ज्या दारातून कधी उत्तर येत नाही, ते दार माणूस किती वेळा वाजवेल? हे आता उदाहरणाने बघू.

पुण्याचं अंदाजपत्रक: एका सूचनेचा प्रवास

२००६ मध्ये, नितीन करीर आयुक्त असताना, पुणे महापालिकेने नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक हा उपक्रम सुरू केला. देशातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक, आणि त्याचं श्रेय पुण्याला द्यायलाच हवं. कल्पना सोपी आहे. पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी नागरिकांकडून अर्ज मागवायचे. तुमच्या भागात कुठलं छोटं काम हवं ते लिहा: पदपथ, दिवे, बाक, बसथांब्याची शेड, स्वच्छतागृहाची दुरुस्ती. एका कामाची मर्यादा पाच लाख रुपये.

आता तुमच्या गल्लीतला पदपथ उखडलाय आणि तुम्ही अर्ज भरलात असं समजू. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात जातो. कनिष्ठ अभियंता जागा पाहतो आणि पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज तयार करतो. मग यादी प्रभाग समितीपुढे येते. समितीने होकार दिला की ती मुख्य इमारतीत जाते आणि आयुक्तांच्या अंदाजपत्रकात बसते. ते स्थायी समितीपुढे जातं, तिथून मुख्य सभेपुढे. एक एप्रिलला नवं वर्ष सुरू होतं. मग निविदा, मग कार्यादेश, आणि मग कधीतरी तुमच्या गल्लीत वाळूचा ढीग पडतो.

किती टप्पे झाले ते मोजा. प्रत्येक टप्प्यावर तुमचं काम गळू शकतं, आणि गळण्याची कारणं पुष्कळदा अगदी योग्य असतात. जागा महापालिकेची नसते, रेल्वेची किंवा खासगी मालकाची असते. चार महिन्यांनी तिथेच मलवाहिनी टाकायची असते, मग आत्ता पदपथ करून काय उपयोग? कधी खर्च पाच लाखांच्या वर जातो. कधी तेच काम नगरसेवकाच्या यादीत, पुण्यात ज्याला 'स' यादी म्हणतात तिच्यात, आधीच आलेलं असतं. हे सगळं समजण्यासारखं आहे. न समजण्यासारखं एकच आहे: यातलं काहीही अर्जदाराला कळत नाही. अर्ज भरला, पावती मिळाली, संपलं.

दुसरी गळती जास्त गंभीर आहे. काम अंदाजपत्रकात आलं म्हणजे झालं असं आपण समजतो. तसं नसतं. वर्ष सुरू असताना एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवता येतो. पालिकेच्या भाषेत याला 'वर्गीकरण' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. ऐकायला निरुपद्रवी आहे, ग्रंथालयातला वाटतो. पण एप्रिलमध्ये छापील पुस्तकात असलेला तुमचा पदपथ डिसेंबरात वर्गीकरणाने नाहीसा होऊ शकतो. पुस्तक मात्र तेच राहतं. वर्गीकरण बेकायदा नाही. आणीबाणी येते, गरजा बदलतात. पण लोकांनी सुचवलेलं काम रद्द करून पैसा हलवायचा असेल, तर निदान त्या लोकांना सांगून हलवा, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

आता रकमेकडे बघू. २०२५-२६ चं पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक १२ हजार ६०० कोटींच्या पुढचं होतं. पाच लाखांचं एक काम म्हणजे त्याचा साधारण अडीच लाखावा हिस्सा. मेट्रो, नदीकाठ, समान पाणीपुरवठा, कचरा प्रकल्प, असले मोठे निर्णय या अर्जात बसतच नाहीत. बाक कुठे ठेवायचा हे आम्हाला विचारतात आणि नदी कशी ठेवायची हे विचारत नाहीत, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. तरीही मी या उपक्रमाला नावं ठेवणार नाही. छोट्या कामावर उत्तर द्यायची सवय लागली तर उद्या मोठ्या कामावर उत्तर मागता येईल. अडचण एवढीच की छोट्या कामावरही ती सवय लागली नाही.

आणि हेही लक्षात घ्या की मार्च २०२२ मध्ये पुणे, मुंबई आणि राज्यातल्या इतर अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होते. स्थायी समिती नाही, मुख्य सभा नाही. या सभांचे अधिकार प्रशासकाकडे. म्हणजे अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच. अशा वेळी 'सहभाग' म्हणजे अधिकाऱ्याला दिलेलं निवेदन, एवढंच उरतं. निवडून आलेली माणसं कितीही नावडती असोत, नागरिकांचा सहभाग त्यांची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही लागतात.

ग्रामसभेचं गणित

गावात सभा आहे, अधिकार आहेत, मग सगळं आलबेल आहे का? तसंही नाही.

ग्रामसभेची गणपूर्ती अशी आहे: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. सहाशे मतदारांच्या गावात ९० माणसं लागतात. पाच हजार मतदारांच्या गावात शंभर पुरतात, म्हणजे शेकडा दोन. एवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. नवा विषय घेता येत नाही, पण जुन्या विषयपत्रिकेवरचे ठराव होतात. मग पुष्कळ गावांत काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. पहिली सभा तहकूब होण्यासाठीच बोलावतात. दुसऱ्या सभेला पंधरा-वीस जण असतात, चहा होतो, सह्या होतात, आणि नोंदवहीत 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं जातं. कायदा कुठेही मोडलेला नसतो.

माझ्या मते लोक आळशी आहेत म्हणून येत नाहीत, हे निदान अपुरं आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने दुपारच्या सभेला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. ती आली आणि मागच्या वर्षी घातलेला गटाराचा ठराव कुठे गेला हे कुणी सांगितलंच नाही, तर पुढच्या वेळी ती खुरपायला जाईल. यात तिचं काही चुकत नाही.

आडवी बाटली

याच बायका हजारोंनी कधी बाहेर पडतात ते सांगते. तुम्ही 'उभी बाटली, आडवी बाटली' ऐकलं असेल. आपल्या राज्यात गावातलं किंवा वॉर्डातलं परवानाधारक दारूचं दुकान बंद करायचं असेल तर तिथल्या २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी अर्ज करायचा. मग प्रशासन गुप्त मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. दुकान चालू ठेवायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी.

यातली अट फार कडक आहे. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा मतदान महिलांचं आहे आणि यादीत दोन हजार महिला आहेत. पंधराशे जणी आल्या आणि ९९० जणींनी आडवी बाटली निवडली, तरी बाटली उभीच राहते. हजारावर एक मत हवं. घरी राहिलेली प्रत्येक बाई, परगावी गेलेली प्रत्येक सून, यादीतून न काढलेलं प्रत्येक मृत व्यक्तीचं नाव, हे सगळं दुकानदाराच्या बाजूचं मत ठरतं.

म्हणजे शंभरांची गणपूर्ती होत नाही त्याच गावात एवढ्या कडक अटीचं मतदान लढवलं जातं, आणि अनेक ठिकाणी बायकांनी ते जिंकलंय. हे कशामुळे होतं? एक तर विषय जिवाशी येतो. पण दुसरंही कारण आहे. निकाल त्याच दिवशी कळतो आणि तो बंधनकारक असतो. उद्या साहेब बदलले म्हणून आडवी बाटली उभी होत नाही. 'ठरवणं' ही तिसरी पायरी खरी असली की माणसं मजुरी बुडवूनही येतात.

मेंढ्याचा अभ्यासगट

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड आदिवासींचं लहानसं गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची. देवाजी तोफा हे गावाचे नेते आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले सहकारी. वन हक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो. तो देण्याचा अधिकार २०११ मध्ये वनखात्याकडून ग्रामसभेच्या हातात आला. बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला.

लोक ही गोष्ट हक्काची म्हणून सांगतात. मला त्यातली पद्धत जास्त मोलाची वाटते. मेंढ्यात दोन वेगळ्या बैठका असतात. एक अभ्यासगट आणि एक ग्रामसभा. अभ्यासगटात कुणीही बसतं, बाहेरचा जाणकारही बसतो. कायदा वाचायचा, कागद समजून घ्यायचा, वाद घालायचा. पण अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते आणि तो सर्वसहमतीने होतो, बहुमताने नाही. एकाचा विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा आणि पुन्हा बोलायचं.

शहरातल्या माणसाला हे वेळखाऊ वाटेल. आहेच वेळखाऊ. पण याने एक अडचण सुटते. आपल्या सभांमध्ये लोकांना कागद त्याच मिनिटाला दिसतो आणि त्याच मिनिटाला हात वर करायचा असतो. अभ्यास केलेला माणूस एकटाच असतो, तो म्हणजे अधिकारी. समजून घेण्याची जागा वेगळी आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवली, तर समोरच्याचं इंग्रजी ऐकून गप्प बसावं लागत नाही. असा अभ्यासगट सोसायटीच्या गच्चीवर किंवा वस्तीतल्या समाजमंदिरातही चालू शकतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

कुणाचा आवाज?

आता एक गैरसोयीचा मुद्दा. सहभाग वाढला की न्याय आपोआप वाढतो, असं नाही. अर्ज कोण भरतं? ज्याला फुरसत आहे, ज्याला अर्जाची भाषा येते, ज्याचं नाव यादीत आहे. भाडेकरू, स्थलांतरित मजूर, घरकाम करणाऱ्या बायका मागे राहतात. मग बागेत चालण्याच्या ट्रॅकसाठी दहा अर्ज येतात आणि पलीकडच्या वस्तीतल्या तुंबलेल्या स्वच्छतागृहासाठी एकही येत नाही. कार्यालय म्हणतं, मागणीच नव्हती.

याचं उत्तर ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री या शहराने शोधलं होतं. तिथे १९८९ मध्ये सहभागी अंदाजपत्रक सुरू झालं आणि पुढे जगभर त्याचं अनुकरण झालं. तिथे लोक वस्तीवार सभांमध्ये प्राधान्यक्रम ठरवत. पण पैसे वाटताना त्या भागाची लोकसंख्या किती आणि तिथे मुळात सोय किती कमी आहे, यालाही गुण असत. म्हणजे ज्यांच्याकडे गटार नाही त्यांचा आवाज लहान असला तरी त्यांचं पारडं जड. आणि वर्षाच्या पहिल्या सभेत आधी मागच्या वर्षीचा हिशेब व्हायचा. मलनिस्सारण आणि पाण्याच्या जोडण्या १९८८ मध्ये ७५ टक्के घरांना होत्या, त्या १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेल्या, असं सांगितलं जातं.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे सत्ता बदलत गेली, या प्रक्रियेतलं बळ कमी होत गेलं, आणि २०१७ मध्ये तिथेच ती स्थगित झाली. जगाला शिकवणाऱ्या शहरात हे घडलं. एखाद्या महापौराच्या किंवा आयुक्ताच्या मर्जीवर उभी असलेली व्यवस्था त्या मर्जीबरोबर जाते. टिकवायची तर ती नियमात हवी, आणि लोकांच्या सवयीत हवी.

मग करायचं काय?

तीन गोष्टी सांगते. तिन्ही आजच्या कायद्यात बसतात.

पहिली, वेळ गाठा. आपण जागे होतो ते अंदाजपत्रकाची बातमी आल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोवर जेवणं आटोपलेली असतात. शहरात अर्ज पावसाळा संपता-संपता भरायचे असतात. गावात 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्याच्या सभा आधी होतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, आयोगाच्या पैशातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीकडे येत होता आणि त्याचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होता; असं काही माहीत असेल तर सभेत काय मागायचं ते कळतं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती झाली का, हे विचारा. झाली असेल तर तिथले ठराव मुख्य सभेत वाचून दाखवायला सांगा.

दुसरी, तोंडी बोलू नका, नोंद करून घ्या. ग्रामसभेत विषय मांडलात तर तो इतिवृत्तात आला का हे पाहा. प्रभाग कार्यालयात सूचना दिलीत तर आवक क्रमांक घ्या. नोंद नसेल तर सहा महिन्यांनी तुम्ही कधी आलाच नव्हता.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची: मागणीच्या सभेपेक्षा हिशेबाच्या सभेला जास्त माणसं आणा. नव्या दहा सूचना देण्याआधी मागच्या दहांचं काय झालं ते विचारा. माहिती अधिकारात कागद बघायची सोय आहे. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी नागरिकांना कागदपत्रं पाहता येतात, आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांनाही अशीच व्यवस्था करायला सांगितलं. एका कामाचे तीनच कागद मागा: पूर्वगणनपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका. किती खर्च ठरला, कुणाला काम दिलं, प्रत्यक्ष किती मोजलं. मग टेप घेऊन आपल्या गल्लीत जा आणि पदपथ स्वतः मोजा. ज्या दिवशी दहा जण टेप घेऊन उभे राहतात, त्या दिवशी ठेकेदाराची आणि अभियंत्याची भाषा बदलते.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आम्ही मत देऊन माणसं निवडून दिलीत. मग रोजच्या कारभारात आम्ही का लक्ष घालायचं?*

रोजच्या कारभारात घालूच नका. नळाची गळती दुरुस्त करणं तुमचं काम नाही. पण पाच वर्षांत एकदा दिलेल्या मतात पदपथ, दवाखाना, शाळा आणि पाणी हे सगळं एकत्र कोंबलेलं असतं. यातलं आधी काय, हे त्या मतातून कळत नाही. वर्षातून दोन संध्याकाळी त्यासाठी द्या, एवढंच मागणं आहे.

*नगरसेवकांना हे आवडत नाही. त्यांना वाटतं आपल्या डोक्यावर कुणीतरी बसलं.*

त्यांची भीती खोटी नाही. लोक त्यांच्याकडे कामं मागतात आणि कामं झाली तरच पुन्हा मत देतात. म्हणून त्यांना श्रेय हवं असतं, आणि ते द्यायला हरकत नाही. नगरसेवकाला सभेचा अध्यक्ष करा, कोनशिलेवर नाव त्याचंच असू दे. क्षेत्रसभेच्या कायद्यात अध्यक्षपद त्याच्याकडेच आहे. बदल्यात त्याने यादी वाचून दाखवायची: काय झालं, काय राहिलं, का राहिलं.

*मी अ‍ॅपवर तक्रार केली. काम झालं नाही, पण 'निकाली' असा संदेश आला. हा सहभाग म्हणायचा का?*

ती तक्रार आहे, आणि तक्रारीचं महत्त्व वेगळं आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला, परवाना, नोंदणी यांसारख्या अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते. ती पाळली नाही तर दोन अपिलं आणि त्यापुढे आयोग, दंडाचीही तरतूद. हे तुम्हाला ग्राहक म्हणून संरक्षण देतं. पण मला दाखला वेळेत मिळणं आणि माझ्या भागात दवाखाना असावा की वाहनतळ हे ठरवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एकट्याला करता येते. दुसरीला शेजारी लागतात. तुमच्या 'निकाली'बद्दल सांगायचं तर, तशाच दहा जणांच्या तक्रारी एकत्र करा आणि कार्यालयाच्या बैठकीत एका कागदावर ठेवा. एकट्याची तक्रार बंद करायला एक बटण पुरतं. दहा जण समोर बसले असतील तर कारण तोंडाने सांगावं लागतं.

वेळ संपत आलीय, म्हणून इथे थांबते. जाता जाता एकच काम देते. या महिन्यात आपल्या ग्रामपंचायतीत किंवा क्षेत्रीय कार्यालयात जाऊन मागच्या वर्षीच्या एका, फक्त एका सूचनेचं काय झालं ते लेखी विचारा. तुमची स्वतःची नसेल तर शेजाऱ्याची घ्या. आलेलं उत्तर, किंवा उत्तर आलं नाही ही गोष्ट, पुढच्या सभेत उभं राहून सांगा.